गाठीतले पाणी कोणते?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. वय ३४, कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या शिक्षिका, सहा वर्षांची एक मुलगी आणि आता दुसऱ्या अपत्याचा विचार. पाळीतली पोटदुखी वर्षभरात वाढत गेल्याने त्यांनी सोनोग्राफी करून घेतली. उजव्या अंडाशयावर ३.२ सेंटिमीटरची ‘साधी, स्वच्छ पाण्याची’ गाठ आणि डाव्या अंडाशयावर ४.६ सेंटिमीटरची, आत धुरकट दिसणारी गाठ आढळली; डॉक्टरांनी या दुसरीला ‘चॉकलेट सिस्ट’ म्हटले. पाळीच्या दुसऱ्या दिवशी दिलेल्या रक्तात सीए-१२५ हा घटक (नेहमीची मर्यादा ३५) ५८ निघाला. त्या लिहितात :

“रिपोर्टवर ३५ च्या पुढचा बाण पाहिला आणि दोन रात्री झोप लागली नाही. डॉक्टर म्हणाल्या, कर्करोगासारखे काही दिसत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. सासूबाईंनी ओळखीतून गाठ विरघळवणारा काढा आणला आहे. जाऊबाई म्हणतात, पाणीच आहे तर सुईने काढून का टाकत नाहीत? माझ्या आत्याच्या गाठीत केस आणि दात निघाले होते, तेव्हा गावात करणीची चर्चा झाली. आई ते अजून विसरलेली नाही. धाकटी बहीण म्हणते, ही पीसीओडीच आहे. मला मात्र एकच कळून घ्यायचे आहे. हे पाणी आहे तरी काय, ते आले कुठून, आणि दोन्ही बाजूंचे वेगळे कसे? आणि हो, तांबडा-पांढरा रस्सा बंद करू का?”

सप्रेम नमस्कार.

तुम्ही विचारलेला प्रश्न फार थोडे रुग्ण विचारतात. बहुतेकांना गाठ किती मोठी आहे आणि ती कर्करोगाची तर नाही ना, एवढेच हवे असते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु माझी बरीच वर्षे शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी प्रयोगशाळेतल्या टेबलावर उघडून पाहण्यात गेली आहेत, आणि त्या अनुभवावरून सांगते की ‘सिस्ट’ या शब्दाने फक्त भांडे कळते, भांड्यात काय आहे ते कळत नाही. तांब्यात ताकही असते आणि रॉकेलही असते. तुमच्या दोन अंडाशयांवर दोन तांबे आहेत आणि त्यांत दोन अगदी भिन्न पदार्थ आहेत. म्हणूनच दोन्हींना मिळून एक उपाय सुचवणारा प्रत्येक सल्ला, मग तो काढ्याचा असो की सुईचा, निदान एका बाजूला तरी चुकणारच.

उजवीकडची गाठ आधी घेऊ, कारण ती बहुधा आजारच नाही. दर महिन्याला अंडाशयात काही बीजपुटिका वाढू लागतात आणि त्यांतली एक पुढे जाते. या पुटिकेच्या आत स्त्रीबीज असते, बीजाभोवती कणिकापेशींचे अस्तर असते, आणि अस्तराबाहेर, एका पातळ आधारपटलापलीकडे, रक्तवाहिन्या असलेला दुसरा थर असतो. कणिकापेशींच्या थरात रक्तवाहिनी शिरत नाही. या पेशी हायल्युरोनन नावाची शर्करेची प्रचंड लांब साखळी तयार करून आतल्या पोकळीत सोडतात. चेहऱ्याच्या क्रीमच्या जाहिरातीत ज्या हायल्युरॉनिक आम्लाचे नाव तुम्ही ऐकता, तोच हा पदार्थ. त्याच्या जोडीला वर्सिकानसारखी शर्करायुक्त प्रथिने असतात. सब्जाचे बी पाण्यात टाकल्यावर त्याच्याभोवती जो पारदर्शक फुगवटा तयार होतो, तो बियाच्या सालीतल्या लांब शर्करासाखळ्यांनी पाणी धरून ठेवल्यामुळे होतो. पुटिकेत हेच घडते. हे रेणू इतके मोठे असतात की आधारपटलातून त्यांना बाहेर पडता येत नाही, त्यांच्यावरचे ऋण भार सोडियमला आत रोखून धरतात, आणि मग परासरणाच्या नियमाप्रमाणे बाहेरच्या रक्तातले पाणी आत येत राहते. परासरण तुम्ही वर्गात बेदाणे भिजत घालून शिकवत असाल. तोच धडा तुमच्या उजव्या अंडाशयात चालू आहे.

या पाण्याचा रंग फिकट गव्हाळ असतो, क्षार जवळजवळ रक्तद्रवाइतकेच, लहान प्रथिने बरीचशी तीच, आणि अगदी मोठी प्रथिने मात्र कमी, कारण पटल गाळणीचे काम करते. परंतु एका बाबतीत हे पाणी रक्ताहून विलक्षण वेगळे आहे. त्यात इस्ट्राडायॉल हे संप्रेरक रक्ताच्या सुमारे हजारपट असते. त्याची निर्मिती दोन थरांत वाटून दिलेली आहे. बाहेरचा थर कोलेस्टेरॉलचा २७ कार्बनांचा रेणू घेतो, त्याची बाजूची शेपटी तोडून २१ कार्बनांचे प्रेग्नेनोलोन करतो आणि पुढे १९ कार्बनांचे अँड्रोस्टेनडायोन, म्हणजे वास्तविक पुरुषी गटातले संप्रेरक, तयार करतो. ते पटल ओलांडून आत येते. आतल्या कणिकापेशींत अरोमटेज हे विकर असते; ते या रेणूचा एक कार्बन फॉर्मिक आम्लाच्या रूपाने काढून टाकते आणि पहिल्या वलयाला अरोमॅटिक बनवते, आणि त्यातून, आणखी एका पायरीने, १८ कार्बनांचे इस्ट्राडायॉल हाती येते. बेंझिनच्या वलयाची स्थिरता फळ्यावर समजावताना पुढच्या वेळी हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

थोडे विषयांतर करते, पण ते या पाण्याविषयीचेच आहे. स्त्रीसंप्रेरकाचा शोधच मुळी या पाण्यात लागला. १९२३ मध्ये एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी या अमेरिकन संशोधकांनी डुकरिणींच्या अंडाशयांतील पुटिकांमधले पाणी ओढून घेतले, ते अंडाशये काढलेल्या उंदीर-घुशींना टोचले, आणि त्या प्राण्यांत माजाची लक्षणे परत आलेली पाहिली. पुढे डॉइझींच्या चमूला डुकरिणींच्या सुमारे ४ टन अंडाशयांतून अवघे १२ मिलिग्रॅम शुद्ध इस्ट्राडायॉल मिळाले. नोबेल मात्र त्यांना १९४३ सालचे, आणि तेही के जीवनसत्त्वासाठी मिळाले.

आता, या पुटिकेची गाठ का होते? साधारण १८ ते २५ मिलिमीटरची झाली की ती फुटून बीज बाहेर पडावे, असा क्रम आहे. मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीकडून एलएच या संप्रेरकाची एकदम लाट येते, तिच्यामुळे पुटिकेत प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात, भिंतीतले कोलॅजन कुरतडणारी विकरे जागी होतात आणि भिंत एका ठिकाणी विरून फुटते. ताणतणाव, आजारपण, थायरॉइडची मोठी कमतरता, कधी काहीही ठळक कारण नसताना ही लाट अपुरी पडते. मग भिंत फुटत नाही, साखळ्या पाणी ओढतच राहतात, आणि ३ सेंटिमीटरच्या वर गेलेल्या त्या पुटिकेला आपण सिस्ट म्हणू लागतो. त्यात कोणतीही पेशी बेबंद वाढलेली नसते. ठरलेले काम वेळेवर संपले नाही, एवढेच. पुढे पीयूषिकेच्याच एफएसएच या संप्रेरकाचा आधार सुटला की कणिकापेशी मरतात, साखळ्यांची निर्मिती थांबते, त्या तुटत जातात आणि पाणी ज्या वाटेने आले त्याच वाटेने रक्तात परत जाते. यास साधारणतः दोन ते तीन पाळ्या लागतात.

गाठ विरघळवणाऱ्या साऱ्या काढ्यांची कीर्ती या दोन-तीन पाळ्यांवर उभी आहे. तीन महिने काढा घ्या म्हणायचे आणि तीन महिन्यांनी सोनोग्राफी करायची, गाठ नसतेच. आम्ही डॉक्टर मंडळीही यातून सुटलेलो नाही. अशा गाठीसाठी गर्भनिरोधक गोळ्या लिहून देण्याची पद्धत कितीतरी वर्षे चालू होती, आणि काळजीपूर्वक तुलना केली तेव्हा गोळ्या घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांच्या गाठी सारख्याच वेगाने गेलेल्या दिसल्या. तीन महिन्यांनंतरही ती तशीच राहिली, तर मात्र ती पुटिका नसून सीरस सिस्टअडिनोमा ही सौम्य, पण खरीखुरी गाठ असण्याची शक्यता धरावी लागते. तिच्यातले पाणीही स्वच्छच दिसते, परंतु त्यात इस्ट्राडायॉल फारसे नसते, कारण तिचे अस्तर संप्रेरके करणाऱ्या पेशींचे नसून गर्भनलिकेच्या अस्तरासारखे असते. सोनोग्राफीच्या पडद्यावर ही दोन पाणी सारखीच काळी दिसतात. तुमच्या डॉक्टरांनी ‘तीन महिन्यांनी बघू’ म्हटले ते टाळाटाळ म्हणून नव्हे. या दोहोंतला फरक काळच दाखवतो.

डावीकडे मात्र प्रकरण निराळे आहे, आणि तुमची पोटदुखी तिकडची आहे असे मला वाटते.

चॉकलेट सिस्ट हे नाव आपल्याकडे उगाच परके वाटते. कोल्हापूरच्या माणसाला सांगायचे, तर आतला द्रव हुबेहूब काकवीसारखा असतो : तसाच दाट, तसाच तपकिरी-काळसर, आणि भांडे कलते केले तर काठाला चिकटून सावकाश उतरणारा. एंडोमेट्रिओसिस या विकारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी भलत्या जागी, येथे अंडाशयावर, रुजतात आणि गर्भाशयाबरोबर दर महिन्याला त्यांच्यातूनही रक्त येते. गर्भाशयातले रक्त बाहेर जाते, येथले कोंडते. महिन्यामागून महिने साचलेल्या त्या रक्तातले पाणी शोषले जाते आणि गुऱ्हाळात रस आटावा तसा ऐवज आटत जातो. तांबड्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिन मोकळे होते, त्याच्या प्रत्येक रेणूतील चार हीम-वलयांतून लोह सुटते. काही लोह फेरिटिन आणि हिमोसिडेरिन यांच्या रूपात बंदिस्त होते, त्याचाच तो तपकिरी रंग. पण साठवणीची ही सोय एका हद्दीपर्यंतच पुरते, आणि त्यापुढचे लोह मोकळे फिरते.

रसायनशास्त्राच्या शिक्षिकेला मोकळे फेरस लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले म्हणजे काय होते, हे मी सांगायला नको. फेंटन यांनी १८९४ मध्ये टार्टारिक आम्लावर दाखवलेली ती अभिक्रिया येथे शरीराच्या तपमानाला, महिनोन्‌महिने चालू असते. हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात. ते जवळच्या पेशींच्या पटलातील मेदांवर, प्रथिनांवर आणि डीएनएवर तुटून पडतात. गाठीची भिंत आणि तिला लागून असलेला अंडाशयाचा निरोगी भाग यांत दाह होतो, मग तेथे व्रणासारखी तंतुमय ऊती तयार होते, आणि त्या पट्ट्यात राखून ठेवलेल्या बारीक बीजपुटिकांची संख्या घटते. दुसऱ्या अपत्याचा विचार असलेल्या स्त्रीच्या दृष्टीने गाठीच्या सेंटिमीटरपेक्षा हे अधिक महत्त्वाचे आहे.

दुसरी गोष्ट अशी की या पेशी स्वतःचे खत स्वतःच तयार करतात. गर्भाशयाच्या निरोगी अस्तरात अरोमटेज जवळजवळ नसते; या रुजलेल्या पेशींत ते असते. म्हणजे अंडाशयाने पुरवलेल्या इस्ट्राडायॉलवर त्या अवलंबून राहत नाहीत, जागेवरच ते बनवतात. इस्ट्राडायॉलमुळे प्रोस्टाग्लँडिन ई-२ वाढते, आणि प्रोस्टाग्लँडिन ई-२ मुळे अरोमटेज वाढते. हे चक्र असे बंद होते, आणि त्यातली प्रोस्टाग्लँडिन हीच तुमच्या पाळीतल्या कळांचे एक मोठे कारण आहेत. शिवाय निरोगी अस्तरात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या हुकमाने इस्ट्राडायॉल निष्प्रभ केले जाते. या पेशी प्रोजेस्टेरॉनचे नीट ऐकत नाहीत. म्हणून डायनोजेस्टसारखी प्रोजेस्टेरॉनच्या जातीची औषधे दीर्घकाळ द्यावी लागतात. त्यांनी वेदना कमी होतात, गाठ थोडी आकसतेही. परंतु त्या काळात बीज सुटणे थांबत असल्याने गर्भधारणेचा प्रयत्न आणि हे औषध एकाच वेळी चालत नाही.

येथे तुमच्या दोन गाठी एकमेकींना भेटतात, आणि ही बाब मी मुद्दाम सांगते, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. पाळीतल्या दुखण्यासाठी तुम्ही ज्या वेदनाशामक गोळ्या घेत असाल, त्यांतल्या मेफेनॅमिक आम्ल, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात. डाव्या गाठीच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण वर म्हटल्याप्रमाणे पुटिका फुटण्यासाठीही प्रोस्टाग्लँडिनच लागतात. दोन पाळ्यांच्या मध्यावर, बीज सुटण्याच्या दिवसांत, अशा गोळ्या सलग घेतल्या तर पुटिका न फुटता तशीच राहू शकते. म्हणून पाळीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत गोळी जरूर घ्या, पण गर्भधारणेचा प्रयत्न चालू असताना महिन्याच्या मध्यावर कंबरदुखीसाठी तीच गोळी रोज घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. त्या वेळी पॅरासिटामॉलने भागते का, ते पाहता येईल.

जाऊबाईंच्या सुईचे उत्तर आता तुम्हालाच देता येईल. सुईने पाणी निघते, पाणी करणारी भिंत निघत नाही. उजव्या गाठीत त्याची गरज नाही, आणि डाव्या गाठीत ती काकवी सुईतून धड येत नाही, आली तर पुन्हा भरते, शिवाय साचलेले जुने रक्त हे जंतूंना उत्तम खाद्य असल्याने पू होण्याचा धोका राहतो. वंध्यत्वाच्या उपचारांत काही विशिष्ट प्रसंगी तज्ज्ञ ती काकवी सुईने काढतात, ते वेगळे.

तुमच्या आत्याची गाठ ही तिसऱ्याच जातीची, डर्मॉइड. एका हिवाळ्यातल्या सकाळी मी अशी गाठ उघडली, तो प्रसंग सांगते. शस्त्रक्रियागृहातून ती नुकतीच आली होती, हाताला अजून कोमट लागत होती. चीर दिल्याबरोबर पिवळसर, तेलासारखा पातळ द्रव स्टीलच्या ट्रेमध्ये वाहिला आणि मी माप घेऊन, वर्णन लिहून परत पाहते तो ट्रेमध्ये थिजलेल्या तुपाचा थर आणि त्यात अडकलेले काळेभोर केसांचे भेंडोळे. त्वचेतल्या तैलग्रंथी जो स्राव आपल्या नाका-कपाळावर सोडतात, तोच हा : ट्रायग्लिसराइड, मेणासारखी एस्टरे आणि स्क्वालीन. शरीराच्या ३७ अंशांना तो द्रव राहतो, बाहेर गारठ्यात थिजतो. गुणसूत्रांच्या तपासणीवरून असे दिसते की बहुतेक डर्मॉइड अंडाशयातल्या एकाच बीजपेशीपासून होतात. शुक्राणूशी भेट न होताच ती विभागू लागते. आणि बीजपेशीत साऱ्या शरीराचा नकाशा असल्यामुळे त्वचा, केस, दात, कधी थायरॉइडचा तुकडाही तयार होतो. म्हणजे त्या गाठीतले केस बाहेरून कोणी घातले नव्हते, ते तुमच्या आत्याचेच होते. आईंना हे जरूर सांगा. इतक्या वर्षांचे ओझे आहे ते. आणि तुमच्या दोन्ही गाठींचा या प्रकाराशी काही संबंध नाही.

जेलीसारख्या द्रवाची म्युसिनस गाठ तुम्हाला नाही, तेव्हा तिच्याविषयी थोडक्यातच लिहिते. तिच्यातला चिकटपणा भेंडीसारखा असतो. प्रथिनाच्या कण्यावरील सेरीन आणि थ्रिओनीनच्या जागी शर्करासाखळ्या दाट लटकलेल्या असतात आणि त्या भरपूर पाणी धरतात. त्यामुळे या गाठी अवाढव्य होऊ शकतात. डिसेंबर १८०९ मध्ये अमेरिकेत केंटकी येथे इफ्रेम मॅकडॉवेल यांनी जेन टॉड क्रॉफर्ड या स्त्रीच्या पोटातून, भूल नावाची गोष्ट अस्तित्वात नसताना, अंडाशयाची गाठ काढली, ती १० किलोंच्या आसपास होती आणि त्यातला पावणेसात किलो ऐवज जेलीसारखा होता. ती बाई पुढे तीस वर्षांहून अधिक जगली.

धाकट्या बहिणीचा पीसीओडीचा तर्क सोडून द्या. त्या विकारात अंडाशयात २ ते ९ मिलिमीटरच्या, अर्धवट वाढून थांबलेल्या अनेक पुटिका दिसतात. त्या या अर्थाने गाठी नव्हेतच, आणि तुमच्या रिपोर्टमध्ये तसे वर्णन नाही.

आता त्या ५८ च्या आकड्याविषयी, ज्याने तुमची झोप उडवली. सीए-१२५ हे नाव १९८१ मध्ये आले. रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगपेशींना चिकटणाऱ्या प्रतिपिंडांचा शोध चालवला होता, आणि त्यांतला १२५ व्या क्रमांकाचा उपयोगी ठरला. तो प्रतिपिंड ज्याला चिकटतो, तो रेणू म्हणजे एमयूसी-१६ नावाचे, शर्करेने मढवलेले एक अतिविशाल प्रथिन आहे, हे पुढे कळले. हे प्रथिन कर्करोगाची मक्तेदारी नाही. उदरपोकळीचे आणि फुप्फुसांचे आवरण, गर्भनलिका, गर्भाशयाचे अस्तर या सगळ्या ठिकाणी ते असते, आणि त्यांपैकी कशालाही दाह झाला की ते तुटून रक्तात जास्त उतरते. पाळी चालू असताना, गरोदरपणात, फायब्रॉइड असताना, ओटीपोटाच्या संसर्गात, आणि आपल्या देशात विसरून चालणार नाही अशा पोटाच्या क्षयातही ते वाढते. एंडोमेट्रिओसिसमध्ये तर ते ३५ च्या वर असणे अगदी नेहमीचे आहे. तुमचे रक्त घेतले पाळीच्या दुसऱ्या दिवशी, डाव्या बाजूला चॉकलेट सिस्ट असताना. त्या परिस्थितीत ५८ पाहून मला आश्चर्य वाटले नाही. सौम्य गाठींच्या आतल्या पाण्यातही हे प्रथिन रक्ताच्या कितीतरी पट असते. खरे तर तुमच्या वयाला, सोनोग्राफीत संशयास्पद काही नसताना, ही तपासणी सांगायलाच नको होती असे माझे मत आहे. तिने उत्तर कमी आणि घबराट जास्त मिळते. पुन्हा करायचीच झाली तर पाळी संपल्यानंतर करावी. कर्करोगाचा संशय आम्ही घेतो तो गाठीत घट्ट भाग असणे, त्यात रक्तप्रवाह दिसणे, जाड आडवे पडदे असणे, पोटात पाणी होणे यांवरून. चॉकलेट सिस्टचे पुढे कर्करोगात रूपांतर होणे शक्य असते, पण ते फार थोड्या स्त्रियांत होते, आणि वेळोवेळी तपासणीचे एक कारण तेही आहे.

पुढे काय करावे? दुसरी सोनोग्राफी पाळीच्या पाचव्या ते दहाव्या दिवसात, योनिमार्गे आणि शक्यतो त्याच सोनोलॉजिस्टकडे करून घ्या. त्या दिवसांत नवी पुटिका अजून लहान असते, त्यामुळे घोटाळा होत नाही. दुसऱ्या अपत्याचा निर्णय झाला असेल तर तो या गाठीसाठी लांबणीवर टाकू नका. डाव्या गाठीच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला तर आधी शिल्लक बीजसाठ्याचा अंदाज देणारी एएमएच ही रक्ततपासणी करून घ्या, कारण गाठीची भिंत सोलताना तिला चिकटलेल्या काही निरोगी पुटिकाही जातात आणि शिल्लक बीजसाठा कमी होतो. लोहामुळे घटलेला साठा एका बाजूला आणि शस्त्रक्रियेने घटणारा दुसऱ्या बाजूला, असा तो तोल आहे. दुखणे असह्य असेल, गाठ वाढत असेल, किंवा तिचे स्वरूप संशयास्पद वाटत असेल तर शस्त्रक्रियेकडे पारडे झुकते, नुसत्या ४.६ या आकड्यावर ती ठरवू नये. आणि यजमानांची वीर्यतपासणीही याच वेळी होऊ द्या, कारण आपल्याकडे वर्ष-दीड वर्ष बाईच्याच तपासण्या चालतात आणि ही साधी गोष्ट राहून जाते.

एकच प्रसंग असा आहे की तेव्हा वाट पाहायची नाही. ओटीपोटात एका बाजूला अचानक, उलट्यांसह, सरळ उभे राहू न देणारी कळ आली तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो, आणि पीळ पडलेल्या अंडाशयाचा रक्तपुरवठा तुटतो. घेरी येऊन घाम फुटला तर गाठ फुटून आत रक्तस्राव झालेला असू शकतो. तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असले तरी कोल्हापूरचे सरकारी सीपीआर रुग्णालय गाठा किंवा जवळचे कोणतेही सुसज्ज रुग्णालय गाठा. सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका.

रस्सा खुशाल खा. लाल मांस जास्त खाणाऱ्या स्त्रियांमध्ये एंडोमेट्रिओसिसचे निदान काहीसे अधिक आढळल्याची निरीक्षणे आहेत, तेव्हा रोज मटणाचा बेत नको इतपत ठीक. पण रस्सा सोडल्याने साचलेले लोह बाहेर पडत नाही आणि पुटिकाही लवकर आटत नाही.

काढ्याची बाटली मात्र पुढच्या सोनोग्राफीपर्यंत उघडू नका. तिच्यात काय आहे ते बाटलीवर लिहिलेले नसणार, आणि गर्भधारणेच्या प्रयत्नात असताना अनोळखी वनस्पतींचा अर्क पोटात नको. सासूबाईंना दुखवायचे नसेल, तर बाटली देवघराशेजारी जपून ठेवली आहे म्हणून सांगा. तीन महिन्यांनी उजवी गाठ बहुधा गेलेली असेल, बाटलीचे सील तसेच असेल, आणि मग दोन्ही गोष्टी त्यांना एकदमच दाखवता येतील.